साथीविना गायची जागा

“पुन्हा उतरले,” जेराल्ड म्हणाला आणि त्यानं हेडफोन कानांवरून काढून गळ्यात अडकवले.

मला सांगायची गरज नव्हती. चॅपेलच्या मागच्या लहानशा खोलीत आम्ही यंत्रांसमोर बसलो होतो आणि स्पीकरमधून आत्ता जे आलं त्यानं माझे दात आंबले होते. भिंतीपलीकडे, चॅपेलमध्ये, नांत-दी गावचा क्वायर उभा होता. चाळीसेक बायका-पुरुष, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांच्यासमोर कार्डिफहून आलेला वाद्यवृंद. क्वायरनं तीन-चार मिनिटं वाद्यांच्या साथीविना गायचं आणि मग त्याच सुरावर चेलो आणि हॉर्न यांनी अलगद आत यायचं, अशी ती जागा होती. पण क्वायर गाता गाता खाली घसरे. सगळे एकदमच घसरत, त्यामुळे त्यांचं त्यांना कळत नसे. वाद्यं मात्र लिहिलेल्या सुरावरच येत. तोवर फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा झालेला असे. ज्या क्षणी ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायला हवेत, नेमक्या त्याच क्षणी कान झाकून घ्यावेसे वाटत.

जेराल्ड आमच्या कंपनीचा निर्माता. त्यानं समोरचं बटण दाबलं आणि माइकमध्ये म्हणाला, “छान झालं मंडळी. फारच छान. आपण अजून एकदा घेऊ या.”

“छान झालं नाही,” खिडकीपाशी बसलेले एमरिस वॉटकिन म्हणाले. “तुम्ही त्यांना खोटं का सांगता?”

जेराल्डनं घाईघाईनं बटण सोडलं. पण ते वाक्य पलीकडे गेलं होतं. काचेतून मला दिसलं, पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी माना खाली घातल्या.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मूळची मिरजेची, करुणा उजागरे. माझे बाबा तिथल्या चर्चचा क्वायर चालवायचे. मी पुण्यात ध्वनिमुद्रण शिकले, काही वर्षं मुंबईत जाहिरातींचे आवाज जोडले, आणि मग शिकायला म्हणून वेल्सला गेले ती तिथल्याच एका छोट्या कंपनीत चिकटले. वेल्समधल्या आधुनिक संगीतकारांचं काम ध्वनिमुद्रित करून त्याच्या सीडी काढायच्या, एवढंच ती कंपनी करायची. त्या सीडी फारशा कुणी घेत नसे. पण एमरिस वॉटकिन हे नाव मोठं होतं. त्यांची वाद्यवृंदासाठीची कामं लंडनमध्ये वाजत, आणि ‘पहाटेपर्यंत’ ही क्वायर आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली त्यांची रचना तर शाळेतल्या मुलांनाही नावानं माहीत होती. माहीत होती, पण तिचं ध्वनिमुद्रण कधी झालंच नव्हतं. एमरिसना कुठलाच क्वायर पसंत पडत नसे. शेवटी त्यांनी आपल्या गावच्याच क्वायरला होकार दिला होता.

त्या रचनेमागची हकिगत त्यांनी प्रत्येक मुलाखतीत सांगितली होती. नांत-दी हे कोळशाच्या खाणीचं गाव. लिहिताना वेगळं लिहितात, म्हणताना नांत-दी, म्हणजे काळा ओढा. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी खाणीत स्फोट झाला. खाली अडकलेल्यांत एमरिसचे वडील होते. एमरिस तेव्हा सात वर्षांचे. गावच्या बायका दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत भर पावसात खाणीच्या तोंडाशी उभ्या राहून स्तोत्रं गात होत्या आणि त्यांचा सूर शेवटपर्यंत ढळला नव्हता. रचनेतली साथीविना गायची जागा म्हणजे त्या बायकांचं गाणं. म्हणूनच तिथं एकही वाद्य नव्हतं, आणि म्हणूनच सूर उतरलेला चालणार नव्हता.

आम्ही सगळे उपाय करून पाहिले. ऑर्गनवर हळूच सूर धरून दिला, तर क्वायर प्रत्येक वेळी दचकल्यासारखा अडखळे. यंत्रावर आवाज वर ओढून पाहिला, तर माणसं पत्र्याच्या डब्यात बसून गात असल्यासारखी वाटली. बाकीची रचना त्यांनी इतकी जीव ओतून गायली होती, की वाद्यवृंदातले लोक मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बोलत होते. फक्त ही एक जागा आली की व्हायचं ते व्हायचंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्रं बंद करताना जेराल्ड एमरिसना म्हणाला, “कार्डिफच्या संगीत महाविद्यालयातली सोळा मुलं आहेत. उद्या दुपारी येऊ शकतील. ही चार मिनिटं त्यांच्याकडून घेऊ. गावाला सकाळीच सांगू की तुमचं काम झालं.”

एमरिसनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “बोलवा.”

गावात हॉटेल एकच, तिथं जेराल्ड आणि एमरिस उतरले होते. माझी सोय चॅपेलसमोरच्या घरात, मेगन वॉटकिन यांच्याकडे होती. मेगन म्हणजे एमरिसची थोरली बहीण. वय पंचाहत्तर. लग्न केलेलं नव्हतं. गावच्या पोस्टात आयुष्य काढलं होतं आणि क्वायरमध्ये पन्नासहून जास्त वर्षं गात होत्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलावर मला त्यांची गाण्याची प्रत दिसली. सुरांच्या रेषा नव्हत्या, नुसती अक्षरं होती, सा-रे-ग लिहावं तशी. मिरजेच्या चर्चमध्ये मिशनरी लोकांनी हीच पद्धत शिकवली होती. मी ती उचलून गुणगुणले तेव्हा मेगन हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“बाबांनी. आमचा सगळा क्वायर यावरूनच गातो.”

तेव्हापासून त्या मला ‘कारियाद’ म्हणू लागल्या. त्यांच्या भाषेत ते लाडानं म्हणतात.

त्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर सूप ठेवलं आणि विचारलं, “एमरिस काय म्हणाला?”

“काही विशेष नाही.”

“तो घरी आलेला नाही अजून. दोन दिवस झाले. खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर बसतो.” त्या समोर बसल्या. “तुझ्या बाबांचा क्वायर उतरतो का गं कधी?”

“गुड फ्रायडेला हमखास. त्या दिवशी बाबा रागवत नाहीत.”

“शहाणा माणूस आहे,” मेगन म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेराल्डनं क्वायरपुढं उभं राहून गोड भाषण केलं. काम पूर्ण झालं, तुम्ही थकला असाल, आता घरी जाऊन आराम करा. टाळ्या वाजल्या. ट्युडर नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते, जुने खाणकामगार, खर्जात गायचे. त्यांनी हात वर करून विचारलं, “ती मधली जागा जमली का शेवटी?”

“ते आमच्यावर सोडा,” जेराल्ड हसून म्हणाला.

दुपारी बस आली. सोळा मुलं-मुली उतरली, कोट काढले, पाणी प्यायली, उभी राहिली. पहिल्याच टेकला त्यांनी ती जागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत काचेसारखी स्वच्छ म्हटली. वाद्यं आत आली ती कळलीसुद्धा नाहीत. एमरिस डोळे मिटून बसले होते. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, “हेच.”

तारा गुंडाळून, माइक पेट्यांत भरून मी रस्ता ओलांडला तेव्हा अंधारून आलं होतं. नोव्हेंबरात तिथं चार-साडेचारलाच दिवे लागतात. मेगन दारातच उभ्या होत्या.

“बसमधून उतरली ती पोरं कोण होती?”

मी बूट काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

“त्यांच्या हातात गाण्याचे कागद होते, कारियाद. मी पाहिलं.”

“कार्डिफची मुलं होती.”

“आमची जागा गायला आली होती?”

“हो,” मी म्हटलं.

आत जाऊन त्यांनी किटली ठेवली. पाणी उकळायच्या आत दारावर थाप पडली. एमरिस होते. टोपी हातात, कोटाची सगळी बटणं लावलेली.

“तासाभरानं गाडी आहे,” ते म्हणाले. “म्हटलं, भेटून जावं.”

“आत ये. दार उघडं ठेवून घर गार करू नकोस.”

दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले. आधी ते वेल्शमध्ये बोलू लागले. मी वर जायला निघाले तेव्हा मेगननी मला हातानं थांबवलं आणि भावाला म्हणाल्या, “इंग्रजीत बोल. हिलाही कळू दे. कापाकापी हिलाच करायची आहे.”

“तुला कळलंय तर.”

“मला डोळे आहेत. ट्युडरला मी काय सांगू?”

“खरं ते सांग. मी तेच सांगायला आलोय. जेराल्डला हे लपवायचं आहे. त्या मुलांशीही त्यानं तसंच ठरवलंय, पैसे घ्यायचे आणि नाव सांगायचं नाही. मी त्याला म्हटलं, ते जमणार नाही. त्यांचं नाव छापलं जाईल.”

“म्हणजे आम्हाला ते जमलं नाही, हे सगळ्या जगाला कळणार.”

“जमलं नाहीच ना, मेगन?” एमरिसचा आवाज चढला नव्हता. उलट ते अगदी समजावून सांगत होते. “मी पस्तीस वर्षं थांबलोय. प्रत्येक क्वायर तिथं उतरतो. तुम्ही बायका त्या रात्री पावसात उभ्या होतात, भुकेल्या, भिजलेल्या, आणि तुमचा सूर ढळला नाही. तूच मला सांगितलंस. मी दुसरं काहीच लिहिलं नाही, तेवढंच लिहिलं. तेच हातातून निसटत असेल तर त्या रचनेत उरतं काय?”

किटली शिट्टी घालू लागली. मी उठून ती बंद केली. वळले तेव्हा मेगन दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवून बसल्या होत्या.

“कुणी गायलं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्या रात्री कुणी गायलं नाही, एमरिस. आम्ही नुसत्या उभ्या होतो. आई, मी, ट्युडरची आई, सगळ्या. खाणीतून माणसं आणणारा पाळणा वर आला की सगळ्या पुढं सरकायच्या. आतल्याच्या तोंडावरून पांघरूण घातलेलं दिसलं की मागं. परत पाळणा खाली जायचा. कुणी रडतही नव्हतं. पहाटेच्या सुमारास कुणीतरी एक स्तोत्र सुरू केलं. एक ओळसुद्धा झाली नाही. आई मागं वळून म्हणाली, गप्प बस. आई! आयुष्यात ती कुणाला उलटून बोलली नव्हती.”

एमरिस बहिणीकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. लहान मुलाला परक्या भाषेत काही सांगावं आणि त्यानं नुसतं बघत राहावं, तसं.

“उजाडल्यावर मी मावशीकडे तुला घ्यायला आले,” मेगन म्हणाल्या. “तू पायरीवर बसला होतास. बाबांना तोवर वर आणलं होतं. मी पाहिलं होतं त्यांना. आईनं माझे डोळे झाकले नाहीत, तिला सुचलंच नाही. तू मला विचारलंस, तुम्ही रात्रभर काय करत होतात? मी चौदा वर्षांची होते. मी म्हटलं, आम्ही गात होतो. तू म्हणालास, बाबांना ऐकू गेलं असेल का? मी म्हटलं, हो. शेवटपर्यंत.”

बाहेरून एक मोटार गेली. तिच्या दिव्यांचा उजेड भिंतीवरून फिरून गेला.

“मग नंतर?” एमरिसनी विचारलं. “साठ वर्षं, मेगन.”

“कधी सांगायचं? तू ते शाळेत सांगितलंस. मग लंडनला जाऊन सांगितलंस. मग ही रचना घेऊन आलास. इथं चॅपेलमध्ये पहिल्यांदा गायलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना त्या रात्रीच्याच बायका होत्या. तरण्या होत्या तेव्हाच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. सगळ्या गायल्या. संपल्यावर कुणी एक शब्द काढला नाही. घरी जाताना ट्युडरची आई माझा हात धरून म्हणाली, असंच करायला हवं होतं आपण. त्यापुढं मी काय बोलणार?” त्या थांबल्या. “त्यांच्यातली आता मी एकटी राहिले.”

“म्हणून तिथं सूर उतरतो?”

“ते मला माहीत नाही,” मेगन थकून म्हणाल्या. “आम्ही म्हातारे झालोय, म्हणूनही उतरत असेल.”

मी वर निघून गेले. एमरिसची गाडी सुटायची वेळ टळून गेली, तरी दार वाजलं नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कार्डिफला आमच्या स्टुडिओत जोडकाम करत होते. आधी कळवून ठेवलं होतं तसे एमरिस आले. बरोबर मेगन होत्या, चॅपेलला जाताना घालतात तो काळा कोट घालून. एमरिस लंडनला परतले नव्हते, इतके दिवस बहिणीकडेच होते. दाढी वाढली होती. जेराल्डही येऊन बसला.

“गावाचा टेक लावा,” एमरिस म्हणाले. “शेवटचा.”

मी लावला. ते चाळीस आवाज पुन्हा खोलीत आले, थकलेले, जड. हळूहळू बुडू लागले. आणि मग चेलो आणि हॉर्न आले आणि जेराल्डनं चेहरा वाकडा केला.

“हाच राहील,” एमरिस म्हणाले.

“मिस्टर वॉटकिन,” जेराल्ड म्हणाला, “हे कुणीही ऐकून घेणार नाही. लोक आम्हाला हसतील. तुम्हाला हसतील.”

“हसू देत. आजवर मी त्या जागेत जे ऐकत होतो ते कधी झालंच नव्हतं. हे झालं. गावची माणसं उभी राहिली आणि त्यांना पेललं नाही. यात खोटं काही नाही.”

“दुसरा टेक लाव,” मेगन मला म्हणाल्या.

“मेगन, त्याची गरज नाही.”

“मी तो ऐकलेला नाही. लाव.”

मी मुलांचा टेक लावला. मेगन खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. वाद्यं आत आली तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि संपल्यावर बराच वेळ तो तसाच होता.

“हा ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि त्या पोरांचं नाव घालू नकोस.”

एमरिस चमकून वळले. “तू असं म्हणतेस? त्या दिवशी तूच...”

“त्या दिवशी मला राग आला होता.”

“मेगन, मी आयुष्यात पहिल्यांदा खरं काहीतरी त्या जागेत ठेवायला निघालोय. आणि तू...”

“तुझं खरं!” मेगनचा आवाज फुटला. जेराल्ड उठून खिडकीशी गेला. “तुझं खरं तू लंडनला घेऊन जाशील. ते लोक म्हणतील, केवढा मोठा माणूस, केवढा प्रामाणिक. आणि ट्युडरच्या घरात ही तबकडी वाजेल तेव्हा त्याची नातवंडं काय ऐकतील? आजोबा बेसूर गातात ते. चॅपेल दोन वर्षांत विकणार आहेत, एमरिस. क्वायर त्याआधीच मोडेल. आमच्यामागं एवढंच राहणार आहे.”

“पण ते तुम्ही नाही आहात.”

“त्या रात्री तरी कुठं होतो?” मेगन म्हणाल्या. “तू सात वर्षांचा होतास. तुला ते लागत होतं म्हणून मी तुला दिलं. त्यावर तू साठ वर्षं जगलास. मी कधी परत मागितलं नाही. आता आम्हाला लागतंय. तू दे.”

यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एमरिस जमिनीकडे बघत होते. त्यांच्याविषयी सगळीकडे सांगत, की या माणसानं कधी कुणाची खोटी स्तुती केली नाही, स्वतःच्या गुरूच्या श्रद्धांजलीच्या सभेतसुद्धा नाही. त्यांना या क्षणी किती जड जात असेल, याचा मला अंदाज होता. जेराल्डनं तोंड उघडलं, तेव्हा मी मान हलवून त्याला गप्प केलं.

शेवटी एमरिस उठले. बहिणीचा कोट खुर्चीवरून उचलून त्यांनी तिच्या खांद्यांवर घातला.

“जोडा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

ते काम मला सोपं गेलं नाही. पुढं-मागं चाळीस जणांचा जाड आवाज होता, मधे सोळा जणांचा पातळ. आवाज दाट व्हावा म्हणून मुलांच्या टेकवर मी तोच टेक पुन्हा पुन्हा चढवला. गावाच्या टेकमधले श्वास, बाक करकरल्याचे आवाज, कुणाचं तरी खोकणं उचलून त्यात मिसळलं. शेवटी सांधा मलाच ऐकू येईना. त्या आठवड्यात मिरजेहून बाबांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, सध्या काय चाललंय. मी म्हटलं, एका क्वायरचं काम करतेय, फार चांगला क्वायर आहे.

सीडी मे महिन्यात आली. ज्यांनी तिच्यावर लिहिलं त्या सगळ्यांनी त्या जागेचं कौतुक केलं. नांत-दीच्या लोकांनी ती एकत्र बसून ऐकायचं ठरवलं आणि मला स्पीकर घेऊन बोलावलं. एमरिसना मी शेवटचं पाहिलं ते तिथंच. त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. ‘पहाटेपर्यंत’च्या ध्वनिमुद्रणानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती, असं मला नंतर मेगनकडून समजलं.

चॅपेलच्या शेजारच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. लांब टेबलावर चहा होता, सँडविच होती, मनुका घातलेल्या छोट्या वेल्श पोळ्या होत्या. क्वायरमधले दोघं त्या हिवाळ्यात वारले होते, त्यांच्या बायका येऊन बसल्या होत्या. एमरिस भिंतीला टेकून उभे होते, मेगन त्यांच्या शेजारी. मी बटण दाबलं.

पहिल्या भागात लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, हे तुझं, हे माझं. मग ती जागा आली आणि सगळे स्तब्ध झाले. चार मिनिटं कुणी हललं नाही. वाद्यं अलगद आत आली तेव्हा एक बाई हुंदका देऊन रडू लागली, आणि मग बरेच जण रडले. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. लोक नुसते एकमेकांकडे बघत होते, जणू काही कुणी त्यांना त्यांचीच तरुणपणची छायाचित्रं दाखवली होती.

चहाच्या वेळी ट्युडर एमरिसजवळ आले. हातात कप होता.

“एमरिस, एक विचारतो,” ते म्हणाले. “मी गेले सहा महिने विचार करतोय. आपल्याला ते दोन दिवस जमलं नव्हतं. मला माझ्या कानांनी कळत होतं. आणि मग सकाळी त्या साहेबानं घरी जा म्हणून सांगितलं.” त्यांनी आवाज खाली आणला. “तू कधी आमचं तोंडदेखलं कौतुक केलं नाहीस. म्हणून तुलाच विचारतो. हे आम्हीच आहोत का?”

आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं. मी एका तारेचं वेटोळं हातात धरून उभी होते. मेगन खिडकीबाहेर बघत होत्या.

“तुम्हीच आहात, ट्युडर,” एमरिस म्हणाले. “मी तिथं होतो.”

ट्युडरनी कप टेबलावर ठेवला. मग त्यांनी मान हलवली, रुमाल काढून नाक शिंकरलं. मेगननी पुढं होऊन भावाच्या हातातला कप काढून घेतला, कारण चहा बशीत सांडायला लागला होता.

ट्युडर आपल्या खुर्चीकडे परत गेले. त्यांच्या बायकोला कमी ऐकू यायचं, म्हणून ते तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगत होते, सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “आम्हीच! एमरिस म्हणतोय. आम्हीच!”